खुंटा हातात नसताना



आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहोत, घरापासून लांब राहतो. म्हणून मी एकाच गाण्याबद्दल बोलते. माझी आजी जात्यावर म्हणायची, त्या ओव्यांबद्दल.

जात्यावर ओव्या मोजून म्हणतात, पहिली अमक्याला, दुसरी तमक्याला. आमचं गाव सोलापूरकडचं, पंढरपूर जवळ. त्यामुळे गावात पहिली बहुधा विठ्ठलाला असायची. आमच्या वस्तीत १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर देव गेले. त्या जागी बाबासाहेब आणि रमाई आले, चाल मात्र तीच राहिली.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्या आहेत, बाबासाहेबांवरच्याही. हैदराबादला होस्टेलमध्ये एका रात्री मी त्यातली एक लावली. बाई दुसऱ्याच जिल्ह्यातली होती, पण मला रडू फुटलं. रूममेट ओडिशाची. तिला अर्थ सांगितला, तर त्यात रडण्यासारखं काहीच नव्हतं.

मी रडले ते झोपेसाठी, असं आता वाटतं. गिरणी आल्यावरही डाळ भरडायला जातं लागायचं. आजी एक पाय पसरून बसायची आणि मी त्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे.

सुट्टीत घरी गेल्यावर फोन तिच्यासमोर धरला. पहिल्या शब्दापुढे तिला येईना. म्हणाली, “हातात खुंटा न्हाई, तर तोंडात कुठनं यील?” जातं परसात पडलं होतं. उचलून आणू का विचारलं, तर हसली. रात्री तीनला उठून घरचं दळायचं आणि उजाडता दुसऱ्याच्या रानात जायचं, ही तिची ओवी. गिरणीवाला आमचं दळण शेवटी घ्यायचा, डबा लांब ठेवायला लावायचा. तरी गिरणी आली त्याचा तिला आनंदच झाला होता. “हात तरी सुटलं,” म्हणाली.

चर्चासत्रांत ‘लोप पावणाऱ्या परंपरे’बद्दल हळहळ ऐकते, तेव्हा मला ते हात आठवतात. खरं तर माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचं नावही तसंच काहीतरी होतं. ते मी खोडलं. रडू मात्र अजून येतं, ते काही खोडता आलं नाही.

शेवटी मीच म्हणायला लागले. पहिली बाबासाहेबांना म्हटली, तशी तिने हात वर करून मला थांबवलं. “आधी रमाई,” म्हणाली, “जात्यावर बाईच बसती.”