निदान आधी, हत्यार नंतर



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते निरीक्षण वहीत उतरविल्यावाचून उपकरणास हात लावू देत नसत. पुढे मी सर्व्हर-दुरुस्तीच्या व्यवसायात पडलो, तेव्हा त्या शिस्तीचे मोल मला कळले. आजचे विवेचन तिच्याविषयीच आहे.

सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालून अनेकांची माहिती सांभाळणारा संगणक. बँकेची खाती, रुग्णांचे अहवाल, परीक्षांचे निकाल त्याच्या हवाली असतात. तो बिघडला असता मूळ बिघाडापेक्षा घाईच अधिक हानी करते, असा माझा अनुभव आहे.

१९८८ साली बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी अनेक डिस्क एकत्र जोडण्याची 'रेड' ही कल्पना शोधनिबंधात मांडली. तिच्या पाचव्या प्रकारात एक डिस्क निकामी झाली तरी उरलेल्यांवरून माहिती पुन्हा उभी करता येते. दुसरी गेली की आधार संपतो. एका रुग्णालयात चारांपैकी एक डिस्क बंद पडली होती, तरी काम सुरळीत चालू होते. कोणीतरी सिरियल नंबर न पडताळता शेजारची निरोगी डिस्क उपसली आणि सारा संच कोसळला. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावले. तरी त्या दिवसाच्या नोंदी कर्मचाऱ्यांना कागदांवरून पुन्हा भराव्या लागल्या. तात्पर्य, आधी बॅकअप घ्यावा, तो उघडतो की नाही हे पाहावे, मगच दुरुस्तीस हात घालावा.

यंत्र आपली व्यथा स्वतःच सांगत असते. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली चूक ओळखून दुरुस्त करणारी सांकेतिक पद्धती प्रसिद्ध केली. सर्व्हरची मेमरी आजही त्याच तत्त्वावर चुका सुधारते व त्यांची नोंद ठेवते. गूगलच्या संगणकांवरील २००९ सालच्या अभ्यासात वर्षाकाठी आठ टक्क्यांहून अधिक मेमरी-पट्ट्यांत चुका आढळल्या. सुधारता येणाऱ्या चुका झालेल्या पट्टीत पुढे न सुधारणारी चूक होण्याचा संभवही वाढलेला दिसला. म्हणून ही नोंद प्रथम वाचावी.

मग एका वेळी एकच बदल करावा. संशयित पट्टी दुसऱ्या खाचेत बसवावी. दोष पट्टीबरोबर सरकला तर संशय पट्टीवर. जागीच राहिला तर खाच वा बोर्ड तपासावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र सुरू होईल, पण कारण कळणार नाही.

दुरुस्ती करणाऱ्याचा जीवही मोलाचा आहे. सर्व्हरला बहुधा दोन पॉवर सप्लाय असतात. दोन्ही वायरी काढल्यावाचून तो निर्वीज होत नाही. सप्लायच्या आतील कपॅसिटर ३०० व्होल्टांहून अधिक दाब काही काळ धरून ठेवू शकतात. म्हणून ती पेटी न उघडता सबंध बदलावी. अंगावरील स्थिर विजेचा चटका आपल्याला सुमारे ३००० व्होल्टांपुढे जाणवतो, पण नाजूक चिप १०० व्होल्टांखालीही जळू शकते. यास्तव मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा.

शेवटी, काय पाहिले व काय बदलले हे तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या खेपेस त्या यंत्रासमोर दुसराच कोणी उभा असेल. त्याच्या हाती अंधार न देता वही द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.