घरातील विजेरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींपुढे केलेले भाषण)



आपल्या वर्धापनदिनाला पाककृती, शिवणकाम, मुलांचे संगोपन असे विषय नेहमी असतात. यंदा मी विजेरीवर बोलणार हे कळताच एकदोघी हसल्या. ‘बॅटरीवर काय बोलायचे? खटका दाबला की लागते!’ असे त्यांचे म्हणणे. लागते हे खरेच. पण ज्या रात्री ती लागत नाही, त्या रात्रीविषयीच मला बोलावयाचे आहे.

रात्री घरात उठते कोण? तान्हे मूल रडले, सासूबाईंना बाहेर जायचे झाले, गोठ्यात गाय अडली, पावसाने लाकडे भिजू लागली की उठावे लागते ते बहुधा आपल्यालाच. आणि घरातली चांगली विजेरी असते कोठे? शेतावर! ज्या आठवड्यात पंपाची वीज रात्री येते, त्या आठवड्यात ती उसाच्या किंवा मिरचीच्या बांधावर जाते. दिवाळीत मुले अस्तंब्याच्या यात्रेला निघाली की त्यांच्याबरोबर डोंगर चढते. हे सर्व योग्यच आहे. माझी तक्रार नाही. पण आपल्या हाताशी मोबाईलचा उजेड तेवढा उरतो, आणि तो मोबाईलही पुष्कळदा घरधन्याच्या खिशात असतो. अक्राणी-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर पावसाळ्यात वीज गेली म्हणजे तो भरावयाचा तरी कोठे? म्हणून एक साधी विजेरी घरातील बाईची म्हणून वेगळी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

याला कारण आहे साप. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने दगावली. त्यांतली बहुतेक खेड्यांतली, आणि अधिक मृत्यू पावसाळ्यातले. नाग, घोणस आणि फुरसे आपणांस ठाऊक आहेतच. पण मण्यार ही रात्रीची फिरणारी, घरात शिरून जमिनीवरच्या अंथरुणाशी येणारी. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. मुंगी चावली असेल म्हणून माणूस कूस बदलून झोपतो, आणि पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. अशा वेळी मंत्र-उताऱ्यात वेळ न घालविता 108 ला फोन करून सरकारी दवाखाना गाठावा. प्रतिविष तेथेच मिळते.

विजेरीने साप पळत नाही. तो दिसतो, एवढेच. पण दिसणे हेच निम्मे काम आहे. त्यासाठी ती कशी धरावी हे सांगते. आपण ती डोळ्यांजवळ धरतो आणि झोत लांब झाडावर टाकतो. असे करू नये. कमरेच्याही खाली धरून झोत पावलापुढे दोन पावलांवर तिरपा पाडावा. उजेड खालून आला की दगडाची, काडीची, वेटोळ्याची सावली लांब पडते आणि ती वस्तू उठून दिसते. डोळ्यांपाशी धरलेल्या विजेरीने सावली वस्तूमागेच लपते. अंथरूण झटकून त्यावर एकदा झोत फिरवावा. लाकडाच्या ढिगात किंवा चपलेत हात-पाय घालण्याआधीही तेच. समोरून मोटारसायकल येत असेल तर मात्र झोत जमिनीवरच ठेवावा.

आता तिच्या पोटात काय आहे ते पाहू. जुन्या विजेरीत तारेचा बल्ब असे. तो पडला की तार तुटे, आणि सेलची बरीचशी शक्ती उष्णतेतच जाई. आताच्या एलईडीत तार नाही. एक बारीक कण निळा उजेड देतो आणि त्यावरील पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. हा निळा उजेड साधणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की जुना बल्ब सेल उलटे घातले तरी पेटे. एलईडी पेटत नाही. तेव्हा ‘नवी विजेरी बिघडली’ म्हणून दुकानात जाण्यापूर्वी सेल सुलटे आहेत ना, ते पाहावे.

बिघाड बहुधा सेलमध्येच असतो. नवा सेल आणि जुना सेल एकत्र घालू नये. नव्याच्या ओढीत दमलेला जुना पाझरू लागतो. काही घरी सेल उन्हात ठेवून किंवा दाताने दाबून पुन्हा वापरतात. उन्हाने तो घटकाभर जागा होतो खरा, पण ती विझत्या चुलीवरची फुंकर! विजेरी महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून ठेवावेत. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड धरली असेल तर लिंबाच्या रसात ओलावलेला कापूस काडीला गुंडाळून पुसावे, मग स्वच्छ फडक्याने कोरडे करून वाळू द्यावे आणि हात धुवावेत.

चार्ज होणारी विजेरी पूर्ण रिकामी करून कपाटात टाकली की तिचा जीव जातो. महिन्यातून एकदा भरावी. वैशाखात तापल्या पत्र्याखाली ठेवू नये, आणि फुगलेली बॅटरी तर मुळीच चार्ज करू नये.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. किल्लीच्या साखळीतल्या छोट्या विजेरीत चपटे गोल सेल असतात. मुलाने ते गिळले आणि अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांतही आतून भाजल्यासारखी खोल जखम होते. उलटी करवू नये. रडत नसले तरी मुलास तडक दवाखान्यात न्यावे. या विजेरीच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ती लहान मुलांच्या घरात नकोच.

संपलेले सेल चुलीत टाकू नयेत, ते फुटतात. उकिरड्यावर टाकले तर शेतात जातात. 2022 च्या नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी बनविणाऱ्यांवर आहे. तोवर मंडळाच्या खोलीत आपण एक बरणी ठेवू. भरली की कोणी नंदुरबारला जाणारी नेईल.

ज्यांनी आज आपापल्या विजेऱ्या आणल्या आहेत, त्यांनी चहानंतर मागच्या सतरंजीवर यावे. लिंबे आणि कापूस मी आणून ठेविला आहे.