निरीक्षणाचा रकाना



विज्ञानाच्या प्रयोगवहीत कृतीनंतर दोन रकाने आखलेले असतात : निरीक्षण आणि अनुमान. शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला ते आठवत असतील. अनुमान आधी लिहून त्याला साजेसे निरीक्षण मागाहून भरल्याचेही काहींना आठवत असेल. हे दोन रकाने वेगळे का ठेवावयाचे, याचे उत्तर देणारी एक घटना कॅनडात घडली.

१९८७ च्या अखेरीस पूर्व कॅनडात शिंपले खाल्लेली माणसे आजारी पडू लागली. गोव्याकडे ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांच्याच कुळातील हे शिंपले. प्रथम उलट्या, पोटात कळा आणि अतिसार. नंतर काहींना तीव्र डोकेदुखी, झटके आणि बेशुद्धी. नोंदल्या गेलेल्या १०७ रुग्णांपैकी १२ जणांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले आणि ३ जण दगावले. सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांची अल्पकालीन स्मृती बिघडली. त्यांतील काहींना ती पुढेही परत मिळाली नाही. नुकतेच घडलेले त्यांच्या मनात टिकेनासे झाले.

हे शिंपले प्रिन्स एडवर्ड बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर वाढविलेले होते, एवढे लवकरच कळले. शिंपल्यांतील विष ओळखण्यासाठी त्या काळी त्यांचा अर्क उंदरांना टोचून पाहण्याची चाचणी रूढ होती. ती मुख्यतः पक्षाघात घडविणाऱ्या एका परिचित विषासाठी होती. या वेळी उंदीर मेले खरे, परंतु त्यांची लक्षणे निराळी होती. मागच्या पायाने ते आपला खांदा सतत खाजवीत, मग त्यांना झटके येत. परिचित विषाचे हे लक्षण नव्हते. ‘उंदीर मेला, विष आहे’ एवढेच लिहून वही मिटली असती, तर शोध तेथेच थांबला असता. खाजविण्याची ती नोंद जपली गेली आणि तीच पुढे वाटाडी ठरली.

डिसेंबरच्या मध्यास हॅलिफॅक्स येथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेने हे काम हाती घेतले. पद्धत समजण्यास सोपी, पण करण्यास चिकाटीची होती. विषारी शिंपल्यांचा अर्क काढावयाचा, त्याचे रासायनिक रीतीने वाटे करावयाचे आणि प्रत्येक वाटा उंदरांवर तपासावयाचा. ज्या वाट्याने तेच खाजविणे आणि तेच झटके येतील, तेवढाच पुढे न्यावयाचा आणि त्याचे पुन्हा वाटे करावयाचे. शेजारी निर्दोष शिंपल्यांचा अर्कही त्याच क्रमाने तपासला जात होता. विषारी अर्कात आहे आणि निर्दोष अर्कात नाही, असे काय, हाच प्रश्न होता. अहोरात्र काम करून १०४ तासांत उत्तर हाती आले. ते द्रव्य होते डोमोइक आम्ल.

हे नाव ऐकून रसायनशास्त्रज्ञ चकित झाले, कारण हे आम्ल नवे नव्हते. जपानमध्ये एका लाल समुद्रशैवालापासून ते १९५८ सालीच वेगळे केले गेले होते. ‘डोमोइ’ हे त्या शैवालाचे तिकडचे स्थानिक नाव आणि त्याचा उपयोग पोटातील जंत पाडण्यासाठी होई. औषध म्हणून ज्ञात असलेले द्रव्य माणसांचे प्राण घेईल, हे कोणाला पटावे? परंतु निरीक्षण ठाम होते. उलगडा मात्रेत होता. जंतांवर देण्याची मात्रा सुमारे २० मिलिग्रॅम असे. रुग्णांच्या पोटात ६० ते २९० मिलिग्रॅम गेले असावे, असा अंदाज निघाला. या आम्लाची घडण मेंदूतील ग्लुटामेट या संदेशवाहक द्रव्याशी मिळतीजुळती असते. त्यामुळे चेतापेशी अतिउत्तेजित होऊन मरतात आणि स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागाची हानी होते. वृद्धांना हा त्रास अधिक झाला.

मग हे आम्ल शिंपल्यांत आले कोठून? शिंपले पाणी गाळून त्यातील सूक्ष्म शैवाल खातात. त्या मोसमात खाडीत एका डायटमची दाट वाढ झाली होती. आज त्याला स्यूडोनिट्झिया मल्टिसिरीज म्हणतात. डायटम असे विष निर्माण करतात, हे तोवर ठाऊक नव्हते. तरीही तो प्रयोगशाळेत वाढवून तपासला गेला आणि विष त्याचेच असल्याचे सिद्ध झाले.

या शोधातून एक मर्यादा ठरली. शिंपल्यांच्या १ किलो मांसात २० मिलिग्रॅमहून अधिक डोमोइक आम्ल आढळले, तर त्या भागातील शिंपले काढणे थांबवावयाचे. शिजवून हे विष नष्ट होत नाही, म्हणून पाण्यावर आणि शिंपल्यांवर सतत नजर ठेवणे हाच उपाय. आपला किनाराही या धोक्यापासून मुक्त नाही. १९९७ मध्ये केरळातील विळिंजम येथे शिंपले खाल्ल्याने ७ जणांचे प्राण गेले. तेथे कारण ठरले ते पक्षाघाती विष.

हीरक महोत्सवी शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान बदलते, पुस्तके बदलतात. वहीतील ते दोन रकाने मात्र तसेच राहतात. मूल प्रयोगवही घेऊन घरी येईल, तेव्हा उत्तर बरोबर आले का, हे पालकांनी अवश्य विचारावे. पण त्याआधी, ‘तुला काय दिसले?’ असे विचारावे. अपेक्षेहून वेगळे दिसले असेल आणि मुलाने ते खोडले नसेल, तर त्याची पाठ थोपटावी. उंदीर खांदा खाजवतो आहे, एवढे प्रामाणिकपणे लिहिणारा कोणीतरी होता, म्हणूनच त्या हिवाळ्यात पुढील माणसे वाचली.