टॅपेट कव्हरची गळती

गाडी चढाला लागली की बॉनेटमधून जळक्या ऑइलचा वास येतो. बऱ्याचदा दोष टॅपेट कव्हरच्या पॅकिंगचा असतो. उष्णतेनं रबर कडक होतं, चिरतं. ऑइल झिरपून तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं.

हे काम घरी जमतं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर वायरी-नळ्यांवर खुणा करून त्या काढाव्यात, मग बोल्ट सोडवावेत. जुनं रबर प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडावं. लोखंडी पात्यानं अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे उठतात आणि गळती पुन्हा सुरू होते.

खरी कसोटी नवं पॅकिंग बसवून बोल्ट आवळताना. मधून कडेकडे, थोडेथोडे, मॅन्युअलमधल्या मापानंच आवळावेत. अनेक गाड्यांत हे माप जेमतेम १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतं. जास्त जोर लावला तर पत्र्याचं कव्हर वाकतं.

शेवटी इंजिन १० मिनिटं चालवून कडा कोरड्या आहेत ना, ते टॉर्चनं पाहावं.