धातुशोधक यंत्राची निवड

जमिनींत पडून राहिलेल्या जुन्या वस्तूंचा शोध घेण्याचा छंद इंग्लंडांत हजारों माणसांस जडलेला आहे. सुगी आटोपून शेतें मोकळीं झालीं कीं, रविवारच्या सकाळीं कानांस हेडफोन लावलेलीं, हातांत लांब दांड्याचें यंत्र घेतलेलीं माणसें नांगरटींतून संथपणें चालतांना दिसतात. दांड्याच्या टोकाशीं थाळीसारखें एक चपटें वेटोळें असतें. तें जमिनीशीं समांतर धरून डावीकडून उजवीकडे फिरवीत जावयाचें, आणि कानांत सूर उमटला कीं थांबावयाचें, एवढीच ह्या छंदाची बाह्य क्रिया. यंत्रास मेटल डिटेक्टर, म्हणजेच धातुशोधक यंत्र, म्हणतात. नवा मनुष्य तें विकत घेण्यास निघाला म्हणजे दुकानदारास त्याचा पहिला प्रश्न हमखास असा असतो कीं, हें यंत्र किती खोलवर पाहतें? प्रश्न स्वाभाविक खरा. परंतु निवडीच्या कामीं त्याचा उपयोग फार थोडा. कोणत्या जमिनींत शोधावयाचें, काय शोधावयाचें, आणि तेथें शोधण्याची परवानगी कोणीं दिली आहे, ह्या तीन गोष्टी ठरल्यावांचून यंत्राच्या गुणदोषांची चर्चा व्यर्थ होय.

यंत्राच्या जन्मकथेंतच ह्याची साक्ष मिळते. १८८१ सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनांत गोळी झाडण्यांत आली. गोळी शरीरांत नेमकी कोठें रुतली आहे, हें डॉक्टरांस कळेना. क्ष-किरणांचा शोध लागण्यास अद्याप चौदा वर्षें अवकाश होता. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्यांनीं विजेच्या वेटोळ्यांचें एक यंत्र त्वरेनें सिद्ध केलें. शिशाची गोळी जवळ आली म्हणजे त्यास जोडलेल्या टेलिफोनमध्यें आवाज उठे. बाहेरच्या प्रयोगांत तें चांगलें चाले. अध्यक्षांच्या शय्येपाशीं मात्र त्याचा सूर कोठेंही धड लागेना. मागाहून कळलें कीं, वरच्या गादीखालीं पोलादी तारांची दुसरी गादी होती. शिवाय प्रमुख डॉक्टर ब्लिस ह्यांच्या मतें गोळी उजव्या अंगास होती आणि त्यांनीं शोध त्याच अंगास घेऊं दिला. ती होती डावीकडे. १९ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष निवर्तले. बेल ह्यांचें यंत्र निकामी होतें असें म्हणतां येणार नाहीं. सभोंवतालच्या पोलादाचा विचार झाला नव्हता, आणि शोधण्याची जागा चुकली होती. हौशी शोधकाची फसगत आजही बहुधा ह्याच दोन कारणांनीं होते.

तत्त्व आजही फारसें निराळें नाहीं. वेटोळ्यांतून दिशा बदलत राहणारा विद्युत्प्रवाह सोडला म्हणजे त्याच्याभोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. त्यांत धातूचा तुकडा आला तर त्या तुकड्यांत पाण्यांतील भोंवऱ्यांप्रमाणें बारीक प्रवाह उठतात. ते आपलें स्वतःचें क्षेत्र उत्पन्न करितात, आणि त्याची चाहूल यंत्रांतील दुसऱ्या वेटोळ्यास लागते. परंतु जमीनही अगदीं मुकी नसते. सह्याद्रीच्या काळ्या कातळांत चुंबकीय लोहखनिज असतें, हें पुष्कळांस ठाऊक असेल. अशा खडकाची माती वेटोळ्याखालीं आली कीं, धातु नसतांही यंत्र कुरकुरूं लागतें. समुद्रकांठची ओली वाळू आणखी निराळ्या रीतीनें फसविते; खारें पाणी स्वतःच विजेचें वाहक असल्यामुळें त्याचाच संकेत यंत्रास मिळतो. म्हणून जमिनीचा आवाज वजा करण्याची सोय, म्हणजे भूमि-संतुलन, यंत्रांत कशी आहे हें प्रथम पाहावें. अगदीं स्वस्त यंत्रांत तें कारखान्यांतच कायमचें बसविलेलें असतें. शांत जमिनींत तेवढ्यानें भागतें. खनिजयुक्त जमिनींत भागत नाहीं.

बाजारांतील यंत्रांचे ढोबळ वर्ग तीन. पहिल्या वर्गांतील यंत्र एकाच कंपनसंख्येवर चालतें. ही संख्या सेकंदास चार-पांच हजारांच्या आसपास, म्हणजे कमी असेल, तर जाड चांदीचीं व तांब्याचीं नाणीं त्यास चांगलीं ओळखतां येतात. ती पंधरा-वीस हजार किंवा त्याहून अधिक असेल, तर सोन्याचे बारीक कण व पातळ तुकडे त्याच्या तावडींतून सहसा सुटत नाहींत. मध्ययुगांतील इंग्लंडचीं हातोड्यानें ठोकलेलीं चांदीचीं नाणीं कागदासारखीं पातळ असतात आणि पुष्कळदां त्यांचे अर्धे किंवा चतकोर तुकडेच मिळतात. त्यांच्या शोधास निघालेल्यानें, चांदी म्हणजे कमी कंपनसंख्या, हा सरधोपट नियम जपून वापरावा. दुसऱ्या वर्गांतील यंत्र एकाच वेळीं अनेक कंपनसंख्या वापरतें. ओल्या खाऱ्या वाळूवर तें चांगलें उपयोगीं पडतें. तिसरा वर्ग स्पंदनांवर चालणाऱ्या यंत्रांचा. विजेचा क्षणिक झटका देऊन तो थांबल्यावर उमटणारा प्रतिसाद तीं टिपतात. मीठ व खनिज ह्यांची त्यांस फारशी पर्वा नसते, म्हणून ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांताच्या तांबड्या, लोहयुक्त मातींत सोन्याचे गोळे शोधणारे लोक तींच पसंत करितात. मात्र लोखंड कोणतें आणि सोनें कोणतें, हें सांगण्यांत तीं कच्चीं असतात. घोड्यांच्या नालांनीं आणि खिळ्यांनीं भरलेल्या इंग्रज शेतांत असें यंत्र नेणारा मनुष्य दिवसभर खड्डे खणील आणि संध्याकाळीं खिळ्यांची पिशवी घेऊन घरीं जाईल.

आतां खोलीविषयीं. जाहिरातींचा सारा भर येथेंच असतो, आणि येथेंच ग्राहकानें सावध असावें. वस्तु लहान असून तिचें अंतर वेटोळ्याच्या आकारमानापलीकडे गेलें म्हणजे परत येणारा संकेत अंतराच्या साधारण सहाव्या घातानें घटतो. अंतर दुप्पट झालें कीं संकेत उरतो चौसष्टांश. किंमत दुप्पट दिली म्हणून खोली दुप्पट होत नाहीं, ह्याचें कारण सृष्टीच्या ह्या नियमांत आहे. कारखानदाराच्या कौशल्यास तेथें मर्यादा पडते. चांगल्या छंदी यंत्रास एखादें नाणें साधारण वीतभर खोलीवर कळतें. वेटोळें मोठें घेतलें तर मोठ्या वस्तु कांहीं अधिक खोलवर सांपडतील, पण वजन वाढेल. आणि कचऱ्याच्या जागीं एकाच वेळीं चार वस्तु वेटोळ्याखालीं येऊन चांगल्या वस्तूचा सूर वाईटांत बुडून जाईल. अशा ठिकाणीं पांच-सहा इंचांचें लहान वेटोळें श्रेयस्कर.

वीतभर खोली ऐकून हिरमुसण्याचें कारण नाहीं. नांगराचा फाळही साधारण तेवढाच जातो. नांगरानें शतकानुशतकें उलथापालथ केलेल्या ह्या थरांतील वस्तूंचें मूळ स्थान आधींच मोडलेलें असतें. तेथील नाणें उचलून नीट नोंदविलें तर इतिहासाची हानि न होतां लाभच होतो. त्या थराखालीं मात्र माती जशीच्या तशी राहिलेली असते. कोणती वस्तु कोणत्या वस्तूशेजारीं होती, तिच्यावर कोणता थर साचला, हें सारें तेथें वाचतां येतें, आणि खोऱ्याच्या एका घावानें तें कायमचें पुसलें जातें. म्हणूनच इंग्लंड व वेल्समधील छंदिकांसाठीं तयार झालेल्या आचारसंहितेंत नांगरटीच्या थराखालीं खणूं नये असा दंडक आहे. मग ज्या खोलीसाठीं हजार पौंड अधिक मोजावयाचे, तेथवर हौशी माणसानें जाणेंच युक्त नव्हे, असा त्याचा अर्थ होतो. दुकानांत ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाहीं.

१९९२ सालच्या १६ नोव्हेंबर रोजीं सफोक परगण्यांतील हॉक्सन ह्या खेड्यांत एरिक लॉझ नांवाचे निवृत्त गृहस्थ एका शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधीत होते. यंत्र त्यांस निवृत्तीच्या वेळीं भेट म्हणून मिळालें होतें. हातोड्याऐवजीं चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीं वर येऊं लागलीं. लॉझ ह्यांनीं थोडें खणलें आणि ते थांबले. जमिनीच्या मालकांस व पोलिसांस वर्दी गेली, आणि दुसऱ्याच दिवशीं पुरातत्त्वज्ञांनीं तेथें पद्धतशीर उत्खनन केलें. सुमारें पंधरा हजार रोमन नाणीं व दोनशेंच्या आसपास सोन्याचांदीच्या वस्तु निघाल्या. सर्वांत अलीकडचीं नाणीं इसवी सन ४०७-४०८ च्या सुमाराचीं. वस्तु जागच्या जागीं पाहतां आल्यामुळें, त्या ओकच्या पेटींत कशा रचून ठेविल्या होत्या, हेंही समजलें. त्यांत चांदीच्या चार मिरपूडदाण्या आहेत. रोमन जगांत मिरीं मलबारच्या किनाऱ्याहून जात, तेव्हां पुरणाऱ्या त्या धनिकाच्या पानांत हिंदुस्थानचा स्वाद होता असें म्हणण्यास हरकत नाहीं. हातोडाही सांपडला, तो आतां ब्रिटिश म्युझियममध्यें आहे.

ह्याच्या उलट हकीकत हेरफर्डशायरांतील लेमस्टरजवळची. २०१५ सालीं तेथें दोघां छंदिकांस नवव्या शतकांतील ठेवा लागला. त्यांनीं तो जाहीर न करितां परस्पर विकावयास काढला. नाणीं सुमारें तीनशें असावींत असा अंदाज आहे. हातीं आलीं तीसएक. त्या थोड्या नाण्यांवरूनच वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओल्वुल्फ हे दोन राजे एकमेकांच्या सहकार्यानें नाणीं पाडीत होते, ह्यास बळकट पुरावा मिळाला. केओल्वुल्फास जुने बखरकार कःपदार्थ मानीत आले होते. उरलेल्या नाण्यांनीं आणखी काय सांगितलें असतें, हें कळण्याचा मार्ग बंद झाला. २०१९ सालीं दोघांसही दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. ते निमूटपणें वर्दी देते तर कायद्यानें त्यांस मोठें बक्षीस मिळण्याचा संभव होता, हें विशेष.

तो कायदा १९९६ चा. तीनशें वर्षांहून जुनी, सोन्याचांदीचा किमान दहावा अंश असलेली वस्तु, किंवा तशाच जातीचीं एकत्र सांपडलेलीं दोन नाणीं, हीं ठेवा गणलीं जातात, आणि चौदा दिवसांच्या आंत कॉरोनर ह्या अधिकाऱ्यास कळवावीं लागतात. संरक्षित पुरातन स्थळीं लेखी संमतीवांचून हें यंत्र चालविणें गुन्हा आहे. इतर शेतांत मालकाची परवानगी हवीच. ठेवा नसलेल्या वस्तूही सामान्यतः मालकाच्याच असतात, म्हणून वाटणीचा करार आधींच लिहून घेणें दोघांच्या हिताचें. इंग्लंडांत स्थायिक झालेल्या मराठी माणसास ह्या अटींवर हा छंद मोकळा आहे. हिंदुस्थानांत परिस्थिति वेगळी. १८७८ च्या निखात निधि कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा पुरलेला ठेवा सांपडल्यास कलेक्टरास लेखी वर्दी द्यावी लागते, आणि संरक्षित किल्ल्यांवर व लेण्यांपाशीं विनापरवाना खणणें हा अपराध आहे. २०२५ च्या मार्चांत एका हिंदी चित्रपटांतील बुऱ्हाणपुरच्या खजिन्याचें दृश्य पाहून असीरगडाजवळच्या शेतांत रात्रीं विजेऱ्या घेऊन लोक खणावयास लोटले; कित्येकांच्या हातीं धातुशोधक यंत्रेंही होतीं. त्यास छंद म्हणणें कठीण आहे.

राहतां राहिला प्रश्न कचरा गाळण्याचा. बहुतेक यंत्रें वस्तूच्या वाहकतेप्रमाणें निरनिराळे सूर अथवा आंकडे देतात, आणि नको त्या सुरांस गप्प बसविण्याची कळही त्यांत असते. नवशिका ती कळ लागलीच पुरती पिळतो. परंतु सोन्याची अंगठी, चॉकलेटचा चंदेरी कागद आणि पेयाच्या डब्याची कडी ह्यांचे आंकडे एकमेकांत मिसळलेले असतात. कागद गाळला कीं अंगठीही गळते. उलट लोखंडाचा चपटा गोल तुकडा पुष्कळदां चांदीचें सोंग घेतो. ह्यावर उपाय कान तयार करण्याचा. अंगणांत एक नाणें, एक अंगठी, एक खिळा आणि बाटलीचें एक बूच निरनिराळ्या खोलीवर पुरून ठेवावें आणि आठवडाभर तेथेंच यंत्र फिरवावें. त्या दृष्टीनें दोनशें-तीनशें पौंडांचें, भूमि-संतुलनाची सोय असलेलें, सुट्या लहान वेटोळ्याची जोड मिळणारें यंत्र पहिल्या वर्षास पुरेसें आहे. तें विकत घेण्यापूर्वीं दुकानांत दहा मिनिटें हात लांब करून हालवून पाहावें. दीड किलोचें यंत्र आणि अडीच किलोचें यंत्र ह्यांतील अंतर पहिल्या मिनिटास जाणवत नाहीं, चौथ्या तासास जाणवतें. उरल्या पैशांतून हेडफोन, खड्ड्यांतील वस्तु नेमकी दाखविणारा छोटा शोधक, लहान खोरें, कागदी पिशव्या आणि नोंदवही घ्यावी. १९९७ सालीं सुरू झालेल्या सरकारी नोंदणी-योजनेंत दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. तेथें वस्तु घेऊन गेल्यावर अधिकारी ती कोणत्या शेतांत, शेताच्या कोणत्या कोपऱ्यांत आणि किती खोलीवर सांपडली, हें विचारतात, आणि तें त्याच दिवशीं लिहून ठेविलेलें असावें लागतें.