कॅथलिकांची लॅटिन वचने आणि आम्ही कामगार



या व्याख्यानासाठी आम्ही 'कॅथलिकांची लॅटिन वचने' हा विषय कळवला, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत हशा पिकला. एक सहकारी म्हणाले, "दादा, तुम्ही बोनसवर बोला, कंत्राटी पद्धतीवर बोला. लॅटिन तुम्हाला काय ठाऊक?" त्यांचे म्हणणे खरे आहे. आम्ही नववीत शाळा सोडली आणि 1987 साली एका कारखान्यात मदतनीस म्हणून लागलो. पुढचे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात झाले, तेवढेच. शिवाय आम्ही वारकरी घरातले, ख्रिस्ती नव्हे. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, ते आधी सांगितले पाहिजे.

आमच्या शेजारच्या लेथवर वसईकडचे एक टर्नर होते. सारे त्यांना काका म्हणत. लहानपणी ते चर्चमध्ये वेदीपाशी सेवा करीत, आणि त्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. फादरांनी एक वचन म्हणायचे, पोरांनी त्याचे ठरलेले उत्तर द्यायचे. अर्थ कळो न कळो, उत्तर चुकता कामा नये. ती उत्तरे काकांना म्हातारपणीही मुखोद्गत होती. जॉब मापात उतरला की ते 'देओ ग्रात्सियास' म्हणत, म्हणजे 'देवाचे आभार'. सुपरवायझर पाठ फिरवून गेला की तेव्हाही तेच म्हणत! आमचे लॅटिन ते एवढे, लेथपाशी शिकलेले. त्याचा अर्थ लावण्यासाठी पुढे जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

पुष्कळांची समजूत अशी की, लॅटिन ही देवाची भाषा म्हणून चर्चने धरली. इतिहास निराळा आहे. रोममधल्या आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींची उपासना ग्रीक भाषेत चाले. चौथ्या शतकाच्या सुमारास ती लॅटिनमध्ये आली, कारण तिथले लोक लॅटिन बोलत होते. 'किरिए एलेइसोन', म्हणजे 'प्रभो, दया कर', हे ग्रीक शब्द मात्र लॅटिन उपासनेतही म्हटले जात. त्याच सुमारास जेरोमने बायबलचे लॅटिन भाषांतर हाती घेतले. त्याला पुढे 'वुल्गाता', म्हणजे सर्वसामान्यांत रुळलेले, असे नाव पडले. ज्ञानेश्वरांनी 1290 साली गीतेचा अर्थ मराठीत आणला, त्याच जातीचे हे काम. पुढे लोकांची बोली पालटली, लॅटिनच्या पोटी इटालियन, फ्रेंच, पोर्तुगीज जन्मल्या. उपासना मात्र होती तिथेच राहिली. एके काळची बाजारातली भाषा अशी गाभाऱ्यातली भाषा झाली.

आपल्या भागाचा याच्याशी जुना संबंध आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट स्वतः लॅटिनमध्ये उपासना करीत. पण लोकांसाठी त्यांनी 'क्रिस्तपुराण' लिहिले ते मराठी ओवीत. ते 1616 साली गोव्यात छापले गेले. वेदीवरची भाषा पालटायला मात्र आणखी साडेतीनशे वर्षे लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी लॅटिन कायम ठेवून लोकभाषेला दार उघडले. पुढच्याच वर्षी, 1964 च्या डिसेंबरात, पोप सहावे पॉल मुंबईला आले होते. काका सांगत, पहिल्यांदा मराठीत मिस्सा ऐकली तेव्हा त्यांच्या आईला आनंद झाला आणि आजीला रडू आले. आईला शब्द कळले. आजीला वाटले, कोणीतरी घरातले मोठे माणूस निघून गेले. कॅथलिकांच्या मनातली ही दोन टोके अजून आहेत. 2007 साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी जुन्या लॅटिन मिस्सेला मोकळीक दिली आणि 2021 साली पोप फ्रान्सिस यांनी ती पुन्हा आवळली.

न कळणाऱ्या भाषेवर माणसे इतका जीव का टाकतात? आम्हा युनियनवाल्यांना हे समजणे कठीण जाऊ नये. आम्ही रोज 'इन्किलाब झिंदाबाद' म्हणतो. 'इन्किलाब' मूळचा अरबी, 'झिंदाबाद' फारसी. आमच्यापैकी किती जणांना अरबी-फारसी येते? पण केरळचा, बंगालचा आणि सोलापूरचा कामगार एका मोर्चात आला की ती घोषणा तिघांची असते. गोव्याचा खलाशी, पोलंडचा खाणकामगार आणि वसईचा बागायतदार यांना लॅटिन वचनाने तेच दिले: परक्या बंदरातही हे घर आपलेच आहे, अशी खात्री.

आता एकेक वचन घेऊ. पहिले, 'इते, मिस्सा एस्त'. उपासनेच्या शेवटी हे म्हणतात. अर्थ साधारण असा की, 'जा, निरोप झाला आहे'. यावर उत्तर 'देओ ग्रात्सियास'. काका म्हणत, पोरे ते उत्तर फार मोठ्याने देत, कारण त्यापुढे न्याहारी असे! पण गंमत पाहा, साऱ्या विधीला 'मिस्सा' हे नाव पडले ते या निरोपाच्या शब्दावरून. चर्चमध्ये काय झाले याहून, बाहेर पडून तुम्ही काय करता याला जणू महत्त्व आले.

दुसरे, 'ओरा एत लाबोरा', 'प्रार्थना कर आणि काम कर'. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात इटलीत मोन्ते कास्सिनो येथे मठ स्थापला आणि मठवासींसाठी नियमावली लिहिली. हे वचन त्या नियमावलीत जसेच्या तसे नाही, ते पुढच्या लोकांनी बांधले. पण आशय तिचाच आहे. ज्या जगात अंगमेहनत गुलामांकडे लोटलेली होती, तिथे बेनेडिक्टने सांगितले की, हाताच्या कष्टावर जगतो तोच खरा मठवासी. मठाची अवजारे वेदीवरच्या पात्रांसारखी जपावीत, असाही त्याचा नियम आहे. सावता माळ्यांना मळ्यातच पांडुरंग दिसला, हे ज्याच्या कानावर आहे त्याला यात नवल वाटणार नाही. काका रोज सुटताना लेथ पुसून, तेल देऊन ठेवीत, तेव्हा आम्ही हसत असू. पुढे हा नियम वाचला आणि हसू थांबले.

मात्र या वचनाचा दुरुपयोगही होतो. काम हीच पूजा, अशी पाटी लावून जादा तास फुकट राबवून घेणारे मालक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी बेनेडिक्टची नियमावली वाचावी. तिच्यात कामाचे तास बांधलेले आहेत; वाचनाचे, प्रार्थनेचे आणि झोपेचेही. त्या वचनातला 'एत', म्हणजे 'आणि', फार मोलाचा आहे. माणूस नुसता राबण्यासाठी नाही, एवढे तो सांगतो.

तिसरे, 'रेरुम नोव्हारुम'. पोपच्या परिपत्रकाला त्याच्या पहिल्या शब्दांवरून नाव पडते, जशी आपण आरती पहिल्या शब्दावरून ओळखतो. पोप तेरावे लिओ यांनी 15 मे 1891 रोजी हे पत्रक काढले. शब्दशः अर्थ 'नव्या गोष्टींचा'. पण जुन्या रोमन लोकांच्या बोलण्यात 'नव्या गोष्टी' म्हणजे उलथापालथ, क्रांती. पत्रकाचा आरंभ आहे तो या उलथापालथीच्या ओढीविषयी. लिओंनी समाजवाद नाकारला, खासगी मालमत्तेची बाजू घेतली. तिथे आमचा त्यांच्याशी मतभेद आहे. पण कामगाराला संघटना करण्याचा हक्क आहे, कुटुंब पोसता येईल असे वेतन हा न्याय आहे, आणि सुटीचा दिवस ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती 1890 साली, म्हणजे या पत्रकाच्या एक वर्ष आधी. मे 2025 मध्ये निवडून आलेल्या पोपनी 'चौदावे लिओ' हे नाव घेतले तेही या तेराव्या लिओंची आठवण ठेवून, आणि यंत्रबुद्धीच्या युगात कामगाराचे काय होणार, ही चिंता बोलून दाखवून.

आता शेवटचे वचन. खरे पाहता त्यासाठीच हा विषय घेतला. 'मेआ कुल्पा, मेआ कुल्पा, मेआ माक्सिमा कुल्पा.' 'माझी चूक, माझी चूक, माझीच मोठी चूक.' मिस्सेच्या आरंभी हे म्हणताना कॅथलिक माणूस आपल्या छातीवर मूठ मारतो. शेजाऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या.

नव्वदीच्या दशकात आमच्या खात्यात एक पॉवर प्रेस होता. उत्पादन वाढावे म्हणून त्याचा गार्ड काढून ठेवला होता. धोक्याच्या भागाला आडोसा घालणे कायद्याने मालकाचे काम होते, यात वाद नाही. पण तीन आठवडे तो प्रेस उघडा चालला आणि आमच्या कमिटीने ते पाहिले. प्रेसवर कंत्राटी पोरे होती. ती आमची सभासद नव्हती. आम्ही तो प्रश्न बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत सातव्या क्रमांकावर घातला. चौथ्या क्रमांकाशी रात्र झाली आणि बैठक उठली. पुढल्या सोमवारी बावीस वर्षांच्या एका पोराच्या उजव्या हाताची चार बोटे गेली.

चौकशी झाली. 'गार्ड काढण्यात आला होता', 'सूचना देण्यात आली नव्हती', अशी सारी वाक्ये. त्यांत कर्ता कुठेच नव्हता. आमच्या निवेदनातही नव्हता. मग गेटसभा झाली. आम्ही मालकाविरुद्ध कडक भाषण केले, टाळ्या झाल्या. तेव्हा काका उठून पुढे आले. म्हणाले, "तो प्रेस उघडा आहे हे मी रोज येता-जाता बघत होतो. मी बोललो नाही. माझी चूक." आणि त्यांनी छातीवर तीनदा मूठ मारली. सभेत कोणी हलले नाही. आम्हाला माईकपाशी उभे राहणे कठीण झाले. मग आम्हीही कार्यक्रमपत्रिकेतली ती सातव्या क्रमांकाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली.

त्याची किंमत पडली. व्यवस्थापनाने आमचेच शब्द आमच्यावर उलटवले. सहकारी म्हणाले, तुम्ही मालकाच्या हाती कोलीत दिलेत. आम्ही काकांना रागाने विचारले, "मालक सुटला ना?" ते म्हणाले, "अरे, वचनात 'मेआ' आहे. त्याच्या वाटचे ते मी कसे म्हणू? त्याच्याकडून त्याचे वसूल करायचे ते तू कर. पण आपले म्हटल्याशिवाय कुठल्या तोंडाने करशील?" पोराच्या भरपाईसाठी आम्ही पाच वर्षे लढलो आणि ती मिळवली. बोटे परत आली नाहीत. त्या वर्षापासून कंत्राटी कामगार युनियनचे सभासद झाले. आधी का नाही केले, याला आमच्याकडे आजही उत्तर नाही.

फार पुढे आम्ही वाचले की, जुन्या लॅटिन कबुलीत विचार, शब्द आणि कृती यांनी केलेल्या पापाचा उच्चार होता. परिषदेनंतरच्या, 1970 च्या उपासनाग्रंथात तिथे एक शब्द वाढवला: 'ओमिस्सिओने', जे करायला हवे होते ते न केल्याने. जुनी भाषा गेली म्हणून हळहळणाऱ्यांनी हा नवा शब्दही पाहावा. आमच्या चळवळीला सर्वांत जास्त गरज त्याच शब्दाची आहे.

काका आता नाहीत. त्यांच्या क्रुसावर तीन इंग्रजी अक्षरे आहेत: आर, आय, पी. आमच्याबरोबर आलेला एक तरुण कामगार म्हणाला, "हे इंग्रजी ना?" आम्ही सांगितले, इंग्रजीत ती जुळतात खरी, पण मूळ लॅटिन आहे: 'रेक्विएस्कात इन पाचे', 'तो शांतीत विसावो'.

आमच्या कमिटीच्या बैठकीत आता पहिला विषय सुरक्षेचा असतो. प्रत्येकाने आठवड्यात पाहिलेला धोका सांगायचा, आणि पाहूनही बोललो नसलो तर तेही सांगायचे. तिथे लॅटिन कोणी बोलत नाही. 'मी पाहिले आणि गप्प बसलो' एवढे मराठी पुरते.