विकत घेतलेले पुस्तक कोणाचे?

दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर लढाई होते. माझा नातू आणि त्याचे चार मित्र फासे टाकतात, कागदावर आकडे लिहितात आणि मध्येच कोणीतरी ओरडतो, 'मेलास तू! राक्षसाने गिळलं तुला!' पहिल्यांदा हे ऐकून मी स्वयंपाकघरातून धावत आले होते. आता चिवड्याची परात मध्ये ठेवते आणि बाजूला ऐकत बसते.

या खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ साली बाजारात आला. बुद्धिबळासारखा ठरलेला पट यात नाही. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. आपल्या पात्राने काय करायचे ते ज्याने त्याने बोलून सांगायचे. ते जमले की फसले, हे बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा ठरवतो. नियम मात्र सगळे पुस्तकांत. त्यामुळे या खेळाचे खरे भांडवल म्हणजे पुस्तके, आणि ती महाग असतात. २०१४ च्या आवृत्तीतले खेळाडूंसाठीचे पुस्तक ३२० पानांचे, किंमत जवळजवळ ५० डॉलर. अशी मुख्य पुस्तके तीन. मुले वर्गणी काढतात ती उगीच नाही.

काही महिन्यांपूर्वी नातू म्हणाला, 'आजी, तुझ्या कार्डावरून एक पुस्तक घेऊन देशील? छापील नको, डिजिटल. बरंच स्वस्त पडतं.'

मी म्हटले, 'घेऊ की. पण पैसे दिल्यावर हातात काय पडणार, ते आधी मला वाचून दाखव.'

माझी नोकरी ग्रंथालयात गेली. पुस्तक आले की आधी दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक द्यायचा, मग शिक्का, मग कपाट. आलेली वस्तू नक्की काय आहे आणि कोणाच्या मालकीची आहे, हे विचारायची सवय हाडीमांसी खिळली आहे. त्याने अटी वाचायला घेतल्या आणि आम्हा दोघांच्या लक्षात आले, की 'डिजिटल पुस्तक' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे फाईल. २००४ साली सुरू झालेले 'ड्राइव्हथ्रूआरपीजी' हे दुकान अनेक प्रकाशकांच्या खेळांची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विकते. पैसे भरायचे आणि फाईल आपल्या संगणकावर उतरवून घ्यायची. काही पुस्तकांच्या पानापानावर तळाशी विकत घेणाऱ्याचे नाव छापलेले येते. प्रत वाटत सुटलात तर कोणाची होती ते कळावे, हा हेतू. आम्ही ग्रंथालयाचा शिक्का आतल्या पानांवरही मारत होतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट म्हणजे परवानगी. 'डी अँड डी बियाँड' हे संकेतस्थळ २०१७ साली सुरू झाले आणि २०२२ साली ते या खेळाची मालक असलेल्या हॅस्ब्रो कंपनीने विकत घेतले. तिथे घेतलेले पुस्तक तिथेच किंवा त्यांच्या अ‍ॅपमध्ये वाचायचे. सोय मोठी आहे. पात्राचे आकडेसुद्धा तिथे आपोआप मांडले जातात. पण पुस्तक राहते त्यांच्या घरी. आपण पैसे भरून वाचनकक्षात बसायचे, एवढेच.

मी डिजिटल पुस्तकांच्या विरोधात नाही. २००९ साली आलेल्या 'पाथफाइंडर' या खेळाचे मुख्य पुस्तक ५७६ पानांचे होते. छापील प्रत जवळजवळ ५० डॉलरला, तर पीडीएफ १० डॉलरला मिळे. शिवाय जहाजाचे किंवा विमानाचे भाडे नाही. खेळ रंगात असताना एखादा नियम शोधायचा, तर शब्द टाकला की पान समोर. आणि ग्रंथपाल म्हणून मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे, १९७८ साली छापलेले 'टूम ऑफ हॉरर्स'सारखे जुने साहस आज फाईलच्या रूपाने सहज मिळते.

पण धोका कुठे आहे, तेही सांगायला हवे. एप्रिल २००९ मध्ये 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या प्रकाशकाने चोरट्या प्रतींचे कारण देऊन आपल्या सगळ्या पीडीएफची विक्री एकाएकी थांबवली. 'पुस्तक दुकानात आहेच, लागेल तेव्हा पुन्हा उतरवून घेऊ,' म्हणून जे निर्धास्त होते, त्यांना दार बंद दिसले. ज्यांनी फाईल आपल्याजवळ ठेवली होती, त्यांचे काहीच गेले नाही. ती विक्री पुन्हा सुरू व्हायला जानेवारी २०१३ उजाडला. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तके उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तके नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये तर आणखी वेगळे घडले. नवी आवृत्ती येणार म्हणून 'डी अँड डी बियाँड'ने खेळाडूंच्या पात्रांच्या नोंदींतले जुने मंत्र काढून तिथे नवे बसवायचे जाहीर केले. खेळाडूंनी आरडाओरडा केला आणि काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली. छापील पुस्तकातला मंत्र असा बदलता येत नाही.

दर वेळी दोष दुकानाचाच असतो असेही नाही. माझ्या मुलाने पूर्वी काही पुस्तके कचेरीच्या ई-मेल पत्त्यावर खाते उघडून घेतली होती. नोकरी बदलली, पत्ता गेला, खात्याचा पासवर्ड विसरला. 'नंतर उतरवून घेईन' म्हणता म्हणता ती पुस्तके राहिली ती राहिलीच.

कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. छापील पुस्तक वाचून झाले की मित्राला द्या नाहीतर रद्दीच्या दुकानात विका, कोणी अडवत नाही. ई-पुस्तक मात्र तसे जुन्या बाजारात विकता येणार नाही, असा निकाल युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०१९ साली दिला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून निदान एवढे झाले, की कायमची उतरवून घेता न येणारी डिजिटल वस्तू विकताना, हा फक्त परवाना आहे, असे दुकानाने स्पष्ट सांगावे लागते.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा. ही फाईल माझ्याकडे राहणार का? राहणार असेल, तर त्याच दिवशी उतरवा आणि दोन ठिकाणी ठेवा. राहणार नसेल, तर भाडे भरतो आहोत असे समजून किंमत परवडते का ते पाहा. आणि नुसता खेळ कसा असतो ते पाहायचे असेल, तर काहीच विकत घेऊ नका. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाच्या मूळ नियमांचा सुमारे ४०० पानांचा संच खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध झाला. तो फुकट उतरवता येतो, आणि तो परवाना मागे घेता येत नाही.

आम्ही काय केले? मुलांच्या वर्गणीत थोडी भर घालून खेळाडूंचे पुस्तक छापील घेतले, कारण टेबलावर ते पाच जणांच्या हातांतून फिरते. साहसाची गोष्ट मात्र पीडीएफ घेतली. नातवाने वहीत नोंद केली: तारीख, किंमत, फाईल कुठे कुठे ठेवली.

त्याच दिवशी माळ्यावरून एक खोके खाली काढले. मुलाने परदेशात शिकत असताना घेतलेली याच खेळाची पुस्तके त्यात होती. एका पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने पाच नावे लिहिलेली होती, पाच मित्रांच्या पाच पात्रांची. त्यांतले एक नाव नातवाने आता आपल्या जादूगाराला दिले आहे. 'बाबांचा जादूगार कसा मेला?' असे त्याने विचारले. मुलगा त्या रात्री बराच वेळ सांगत बसला होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)